हाताला तोंड येतं

वासोजीअण्णा बोलताना समोरच्या माणसाच्या तोंडाकडे कधीच पाहत नसत. बाई असली तर तिच्या कानातल्याकडे पाहत, पुरुष असला तर शर्टाच्या खांद्यावरच्या शिवणीकडे. पहिल्या भेटीत माझ्या कानाला काहीतरी लागलंय असं वाटून मी दोनदा ओढणीने कान पुसला. शेवटी त्यांच्या बायकोला, तुळसक्कांना, माझी दया आली. "कानाला काही नाही हो तुमच्या," त्या आतून म्हणाल्या. "ते तसंच बघतात. पोरीचं लग्न होऊन गेलं, माझं तोंड अजून नीट बघितलेलं नाही त्यांनी."

"असं का?" मी विचारलं.

अण्णा माझ्या डाव्या कुडीला उद्देशून म्हणाले, "तोंड बघू नये, अक्का. तोंड येतं."

मी नागपूरची. ‘तोंड येतं’ याचा मला एकच अर्थ ठाऊक होता. मी मोठ्या आपुलकीने त्यांना जाईचा पाला चघळायला सांगितला, थोडे दिवस तिखट बंद करा म्हटलं, रात्री झोपताना तूप लावा म्हटलं. अण्णांनी सगळं मान हलवत ऐकून घेतलं. तुळसक्कांनी हसू लपवायला पदर तोंडाला लावला. माझं सांगून संपलं तेव्हा अण्णांनी आपला उजवा हात माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "तोंडाला नव्हे, अक्का. ह्याला येतं. हाताला तोंड येतं."

हे समजायला आधी त्यांचा धंदा समजायला हवा. बंगळूरमध्ये एखादी इमारत उठायला लागली की भिंतींच्या आधी तिच्यावर एक राक्षसाचं तोंड लागतं. बटाट्याएवढे डोळे, कानापर्यंत मिशा, लोंबणारी लाल जीभ. त्याला तिथे दृष्टीगोंबे म्हणतात. जाणाऱ्यायेणाऱ्याची वाईट नजर इमारतीवर न पडता त्या तोंडावर पडावी आणि तिथेच जिरावी, ही त्यामागची समजूत. कॉटनपेटच्या एका बोळात अण्णा ही तोंडं रंगवत. घराणं मराठी, राजांच्या फौजेमागून इकडे आलेलं आणि इथलंच झालेलं. घरात मराठी बोलत, पण त्यात कन्नड असं मुरलेलं की एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

गोंब्याचा एक नियम असतो. ते तोंड कुणाचंही असता कामा नये. "जित्या माणसाचं तोंड त्यावर आलं," अण्णा सांगत, "तर गावाची सगळी दृष्ट थेट त्या माणसाला. मग तो वाचत नाही बघा." त्यांचा हातही तसलाच होता. एकदा नीट पाहिलेला चेहरा तो सोडत नसे. तरुणपणी त्यांनी एका किराणावाल्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं होतं म्हणे, आणि मग महिनाभर त्या भल्या माणसाची हनुवटी प्रत्येक राक्षसाला येत राहिली. किराणावाला पुढे कसल्याशा तापाने गेला. तेव्हापासून अण्णांनी माणसांच्या तोंडाकडे बघणं सोडलं. घरात आरसाही ठेवला नाही. न्हाव्याकडे दाढीला बसले तरी डोळे मिटून बसत.

राक्षस रंगवून पोट भरणारा हा माणूस जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींना भीत असे. कुत्र्यांना भीत असे, फोनच्या घंटीला भीत असे, खाकी कपड्यांना तर इतका की पोस्टमनसुद्धा त्यांना दारात नको वाटे. मी काम करत होते त्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात ते लिफ्टने कधी आले नाहीत. फोटो काढून घ्यायला भीत. मी एकदा थट्टेने म्हटलं, "अण्णा, तुमच्या गोंब्यांना लोक घाबरतात आणि तुम्ही झुरळाला घाबरता." त्यांना ते लागलं नाही. "भय असलेल्यानंच भय काढावं, अक्का," ते म्हणाले. "ज्याला भय नाही त्यानं काढलेला राक्षस लग्नातल्या मामासारखा दिसतो."

मी त्यांच्याकडे गेले होते ती फ्रान्सची चित्रं घेऊन. माझ्या नवऱ्याला व्हाइटफील्डकडच्या एका कारखान्यात नोकरी लागली, आम्ही महादेवपुऱ्यात भाड्याने राहायला आलो, आणि घरी बसून कंटाळलेली मी एका सजावटकार बाईंकडे कामाला लागले. त्यांना सगळे नीनामॅडम म्हणत. नव्वदची वर्षं नुकतीच लागली होती आणि शहरात जिकडेतिकडे पब उघडत होते. ब्रिगेड रोडच्या एका गल्लीतल्या नव्या पबच्या मालकाला भिंतींवर ‘काहीतरी फ्रेंच’ हवं होतं. नीनामॅडमकडे एक जाडजूड अल्बम होता. त्यात दीडशे वर्षांपूर्वीच्या फ्रान्समधल्या थट्टेच्या मासिकांतली चित्रं होती. खुर्चीत घोरणारे न्यायाधीश, फुग्यासारखा तरंगणारा मंत्री, रोग्यापेक्षा मोठी पिचकारी घेऊन धावणारा डॉक्टर. सगळ्यांची डोकी मोठाली आणि अंगं चिमुकली. ती प्लायवूडच्या फळ्यांवर माणसाच्या उंचीची करून हवी होती, आणि छापील नकोत, हाताने रंगवलेली हवीत, असा मालकाचा हट्ट होता. कलाशाळेतल्या दोघांनी करून पाहिली. रेषा बरोबर आल्या, पण माणसं साबणाच्या जाहिरातीतली वाटली. मग कुणीतरी कॉटनपेटच्या गोंबेवाल्याचं नाव सुचवलं.

अण्णांनी अल्बम उघडला आणि त्यांचा चेहरा खुलला. "डोकं मोठं, अंग बारीक. हे आमचंच काम की." त्यांनी चित्रावर चौकटी आखल्या, फळीवर मोठ्या चौकटी आखल्या, आणि एकेक चौकट उतरवत गेले. खालच्या फ्रेंच ओळीसुद्धा त्यांनी चित्र म्हणूनच काढल्या, एकेक अक्षर शेपटीसकट. डोळे मात्र सगळ्यात शेवटी, आणि तेही तुळसक्कांना बाहेर पाठवून. झोपलेला न्यायाधीश तयार झाला तेव्हा तो खरोखर घोरतोय असं मला वाटलं, आणि सांगायला लाज वाटते, पण मी त्याच्याकडे पाठ करून बसायचं टाळलं.

गडबड झाली ती अल्बमच्या प्रस्तावनेमुळे. अण्णांनी एकदा सहज विचारलं, "ह्या लोकांनी एवढी तोंडं कुठून आणली?" मी इंग्रजी वाचून सांगितलं की ही सगळी त्या काळची खरी माणसं होती. खरे मंत्री, खरे न्यायाधीश. लोक मासिक हातात घेऊन त्यांना ओळखत आणि हसत. आणि अशी चित्रं काढल्याबद्दल काही चित्रकारांना तुरुंगात टाकलं होतं.

अण्णांच्या हातातला ब्रश डब्यात पडला. "जिती माणसं?"

"दीडशे वर्षं झाली, अण्णा. कधीच मेली ती."

"काढली तेव्हा जिती होती ना?" ते माझ्या कुडीकडे टक लावून म्हणाले. "आणि मेली कशानं, ते लिहिलंय काय त्यात?"

ते लिहिलेलं नव्हतं. त्या दिवशी अण्णांनी काम केलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला. पुढच्या प्रत्येक चित्रात ते चेहरा किंचित बदलू लागले. ह्याचं नाक जरा आखूड, त्याची भुवई जरा वर. कुणाचंही नाही असं तोंड करायचं, म्हणजे ना त्या मेलेल्यांना त्रास, ना ह्या जित्याला तुरुंग. नीनामॅडमना फरक कळला नाही, आणि मालकाला कळण्याचा प्रश्नच नव्हता.

याच सुमारास त्या बोळावर दोड्डण्णाची नजर पडली. दोड्डण्णा म्हणजे मोठा भाऊ. त्याचं खरं नाव कुणी घेत नसे. तो कुठल्या एका पक्षाचा नव्हता, सगळ्यांचाच होता. जुने बोळ रिकामे करून तिथे दुकानांचे गाळे बांधायचे, हा त्याचा उद्योग. तो कधी आवाज चढवत नसे. समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवून फक्त म्हणत असे, "हेदरबेडा." म्हणजे भिऊ नकोस. त्याने ‘हेदरबेडा’ म्हटलं की लोक त्याच आठवड्यात सामान बांधत.

तो अण्णांच्या दुकानात आला तेव्हा मी तिथे नव्हते, पण तुळसक्कांनी मला ते इतक्यांदा सांगितलं की मी पाहिल्यासारखंच आहे. दोड्डण्णा विचारत होता, घर कधी सोडणार. अण्णा त्याच्या खांद्याच्या शिवणीकडे बघून हो-नाही करत होते. दोड्डण्णाला तो अपमान वाटला. त्याने दोन बोटांनी अण्णांची हनुवटी धरली, तोंड वर केलं आणि म्हणाला, "मुख नोडी माताडु." तोंडाकडे बघून बोल. आणि अण्णांनी बघितलं. दुसरं काय करणार होते?

मी चार दिवसांनी गेले तर अण्णा हात पंच्यात गुंडाळून बसलेले. कोपऱ्यात तीन गोंबे उलटे करून ठेवले होते. "आलं, अक्का," एवढंच म्हणाले. या वेळी मी जाईचा पाला सुचवला नाही.

महिन्याभराने त्यांनी पुन्हा ब्रश धरला. गोंबे सरळ येऊ लागले, हात सुटला असं त्यांना वाटलं. शेवटची राहिलेली फळी होती ती घरमालकाची. फ्रान्समधला कुणी लठ्ठ घरमालक जेवायला बसलाय, गळ्याला रुमाल बांधलाय, ताटात एक अख्खी गल्ली वाढलीय, आणि काट्याच्या टोकाला एक भाडेकरू खुर्चीसकट लोंबतोय. अण्णांनी घरमालकाचा चेहरा नेहमीसारखा बदलला. गाल जरा भरले, डोळे जरा बारीक केले, खालचा ओठ जरा पुढे काढला. मी फळी पाहिली आणि म्हटलं, सगळ्यात झकास हीच झाली. दोड्डण्णाला मी तोवर पाहिलेलं नव्हतं. आणि अण्णांना ते दिसलं नाही, जसं आपलं घोरणं आपल्याला ऐकू येत नाही.

पब उघडला. चित्रांवर लोक खूश होते. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी एका टेबलावरून कुणीतरी घरमालकाकडे बोट दाखवून दोड्डण्णाचं नाव घेतलं, आणि सगळं टेबल हसलं. मग बाजूचं टेबल हसलं. आठवडाभरात लोक खास तेवढ्यासाठी येऊ लागले. ताटातली घरं कॉटनपेटची आहेत, असंही कुणी सांगत होतं.

मग आमच्या ऑफिसात दोघंजण आले. त्यांनी चपला बाहेर काढल्या, पाणी मागितलं, आणि चित्र कुणी काढलं ते विचारलं. मी म्हटलं, हे तर फ्रान्सचं चित्र आहे, दीडशे वर्षांपूर्वीचं, हा बघा अल्बम. एकाने मूळ चित्र पाहिलं, मग मला म्हणाला, "ह्यात आमचे दोड्डण्णा नाहीत. तिथं आहेत." जाताना दुसरा म्हणाला की चित्राला कुणी हात लावायचा नाही. दोड्डण्णा स्वतः येऊन बघणार आहेत, आणि काढणाऱ्यालाही तेव्हा तुम्ही घेऊन या. मग त्याने माझ्याकडे बघून ते एका शब्दाचं आश्वासन दिलं.

नीनामॅडमना त्याच दिवशी उटीला जाणं निघालं. पबचा मालक फोन उचलेना. माझा नवरा म्हणाला, तूही आठ दिवस नागपूरला जाऊन ये. मी अण्णांकडे गेले ती हेच सांगायला, की पोरीकडे निघून जा. त्यांची मुलगी गिरिजा होसकोट्यात दिली होती. तुळसक्कांनी पिशवी भरूनही ठेवली होती. बाई रडत नव्हत्या, पण सारखं एकच भांडं घासत होत्या. "हात मोडतील हो ह्यांचा," त्या मला म्हणाल्या. "मागं बोळातल्या त्या टेलरचा मोडला नाही काय?"

मला खात्री होती की अण्णा पळतील. झुरळाला पळणारा माणूस. पण ते भिंतीला टेकून बसून राहिले. ओठ पांढरे पडले होते, कपाळावर घाम होता, आणि तरी ते उठत नव्हते.

"मी पळालो तर चित्र तिथंच राहतं, अक्का," ते म्हणाले. "रोज एवढी माणसं त्याच्याकडे बघून हसतात. ती सगळी दृष्ट त्याला लागायला लागली. त्याला काही झालं तर माझ्या हातानं झालं."

"अण्णा, तो माणूस तुमचा हात मोडायला निघालाय."

"सरी, खरं आहे. ते वेगळं भय. हे वेगळं."

मला त्यांचा राग आला. दोड्डण्णाला काही झालं तर अर्ध्या शहराने साखर वाटली असती. पण अण्णांच्या डोक्यात तो किराणावाला होता, आणि त्याच्यापुढे माझं शहाणपण चालणार नव्हतं. मी नागपूरचं तिकीट काढलं नाही. यात शौर्य वगैरे काही नव्हतं. त्या दोघांनी ‘काढणाऱ्याला घेऊन या’ असं मला सांगितलं होतं, आणि नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती.

ठरल्या दिवशी दुपारी आम्ही पबमध्ये गेलो. अण्णांनी रंग आणि ब्रश पिशवीत बरोबर घेतले होते. दुपारची वेळ, आत गिऱ्हाईक नव्हतं. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्या होत्या. एक टेबल तेवढं मोकळं होतं, घरमालकाच्या खालचं, आणि तिथे दोड्डण्णा बसला होता. स्टीलच्या पेल्यातून कॉफी पीत होता. मी एकदा वर बघितलं, एकदा खाली. तोच ओठ, तेच गाल, तेच बारीक डोळे. वरचा जेवत होता आणि खालचा कॉफी पीत होता, एवढाच फरक. ती दोन माणसं दाराशी उभी राहिली. मॅनेजर गल्ल्यामागे इतका आत सरकला की फक्त भांग दिसत होता.

दोड्डण्णाने वर बोट केलं. "यारु?" कोण हा?

"कुणी नाही," अण्णा त्याच्या खांद्याला म्हणाले.

"मग मला मी का दिसतो?"

अण्णांनी खरं तेच सांगितलं. अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये, मधूनमधून दाताला दात लागत होते. तुम्ही म्हणालात तोंडाकडे बघ. मी बघत नव्हतो. तुम्ही हनुवटी धरलीत. मी बघितलं. मग ते हाताला आलं.

"कुठल्या हाताला?" दोड्डण्णाने विचारलं. अण्णांनी उजवा हात पुढे केला. दोड्डण्णाने तो हळूच धरला, पालथा टेबलावर ठेवला, आणि त्यावर आपला हात ठेवला. "हेदरबेडा," तो म्हणाला. दाराशी उभे असलेले दोघं पुढे आले. एकाने टेबलावरची एक खुर्ची उचलून हातात घेतली.

तेव्हा अण्णा बोलले. "हात मोडा. पण आधी ते तोंड उतरवू द्या. मी गोंबे काढणारा. माझ्या हातचं तोंड दृष्ट ओढतं. इतके दिवस झाले, एवढं गाव तुमच्याकडे बघून हसलं. सगळं तुमच्या अंगावर आलंय. झोप लागते काय तुम्हाला?"

अण्णांच्या हातावरचा दोड्डण्णाचा हात उचलला गेला. मी शपथेवर सांगेन की त्या क्षणी त्या खोलीत सगळ्यात जास्त घाबरलेला माणूस तो होता. त्याच्या प्रत्येक इमारतीवर गोंबे होतं, हे मला नंतर आठवलं. तो वर न बघता म्हणाला, "पुस ते."

"पुसून जात नाही. खाली राहतं. तोंडावर तोंड घालावं लागतं. आणि आता ते कुणाचं तरी घालावं लागतं. कुणाचंही नसलेलं त्यावर धरत नाही."

"मग घाल कुणाचंही." दोड्डण्णाने खुर्ची धरलेल्या माणसाकडे बोट दाखवलं. तो माणूस खुर्चीसकट दोन पावलं मागे गेला आणि म्हणाला, माझी मुलं लहान आहेत. दुसऱ्याकडे बोट जाण्याआधीच तो दाराबाहेर होता. मॅनेजरचा भांगही दिसेनासा झाला. मग ते बोट सावकाश फिरत आलं आणि माझ्यावर थांबलं. "हिचं घाल."

माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. तेव्हाही नव्हता. पण ते बोट माझ्यावर थांबलं आणि माझ्या अंगातून सगळी ऊब निघून गेली. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान वर करून माझं तोंड पाहिलं असतं तरी पुरे होतं. त्यांनी नेहमीसारखं माझ्या कुडीकडे पाहिलं.

"अक्का, तुमच्या पर्समध्ये आरसा असेल?"

मी पावडरच्या डबीतला छोटा आरसा काढून दिला. काय विचारतायत ते मला कळलं नव्हतं. अण्णा स्टुलावर चढले, आरसा डाव्या हातात धरला, एकदा डोळे मिटले, आणि मग उघडून त्यात पाहिलं. किती वर्षांनी त्यांनी स्वतःला पाहिलं असेल कुणास ठाऊक. त्यांनी आपल्याच गालावरून बोट फिरवलं, एखाद्या अनोळखी माणसाला विचारल्यासारखं. मग ब्रश उचलला.

तेवढा वेळ त्यांचा हात मुळीच कापला नाही. गाल बसत गेले, डोळे मोठे झाले, ओठ आत गेला. दोड्डण्णा उठून दूर जाऊन उभा राहिला होता. रंग ओला होता तरी दिसत होतं सगळं. गळ्याला रुमाल बांधून गल्ली खायला बसलेले आता वासोजीअण्णा होते. इतका घाबरट घरमालक कुणी पाहिला नसेल.

दोड्डण्णा निघून गेला. अण्णा खाली उतरले, आणि उतरल्यावर त्यांना जी थरथर सुटली ती रिक्षा कॉटनपेटला पोचेपर्यंत थांबली नाही. मी वाटेत विचारलं, "ते खरं होतं, अण्णा, की त्याला घाबरवायला सांगितलंत?"

"खोटं असतं तर हात कापला असता," ते म्हणाले.

बोळ काही वाचला नाही. दोनेक वर्षांनी दोड्डण्णाने तो घेतलाच, पण अण्णांशी बोलायला तो पुन्हा स्वतः आला नाही. माणसांकरवी निरोप पाठवला, आणि ती माणसं अण्णांच्या तोंडाकडे न बघता दुकानाच्या पाटीकडे बघून बोलत. अण्णा आणि तुळसक्का होसकोट्याला मुलीकडे गेले. तिकडे कारखाने उठत होते, गोंब्यांना मागणी होती. मी अधूनमधून जाई. प्रत्येक वेळी ते विचारत, "हसतात काय अजून?" मी म्हणे, हसतात. मग दृष्ट लागली काय ते बघायला आपला उजवा खांदा चाचपत. त्यात भीती होती आणि थोडी ऐटही होती, हे मी नाकारणार नाही.

मग एका सकाळी अण्णांची उजवी बाजू गेली. डॉक्टरांनी रक्तदाब म्हटलं, आणि लोणच्याचं नाव घेतलं. तुळसक्कांनी डॉक्टरांचं ऐकून घेतलं आणि मला फोन केला, "ते चित्र काढून आणा हो." पब तोवर डबघाईला आला होता. मालकाने फळी फुकट दिली. मी ती चादरीत गुंडाळून टेम्पोत घालून नेली, आणि सबंध रस्ता तिच्याकडे पाहिलं नाही. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही असं मी वर लिहिलंय. ते खरं आहे. तरीही मी पाहिलं नाही.

अण्णा अंगणात खुर्चीवर बसले होते. उजवा हात मांडीवर पडला होता. गिरिजाने फळी भिंतीकडे तोंड करून ठेवली. मी समोर स्टुलावर बसले आणि सवयीने कुडी नीट केली. पण अण्णा कुडीकडे बघत नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. थेट, सावकाश, कपाळापासून खाली. इतकी वर्षं ओळखणाऱ्या माणसाने पहिल्यांदाच पाहिल्यावर कसं वाटतं, ते मला सांगता येणार नाही. मी घाबरले. मान खाली घातली.

"वर बघा की," ते म्हणाले. जीभ जड झाली होती, शब्द उशिरा येत होते. "आता हात गेला. आता तोंड येत नाही. आता भय नाही. तुळसालाही बघितलं. ती म्हातारी झाली हो, मला कुणी सांगितलंच नाही."

तुळसक्का आत गेल्या. मी मान वर केली. त्यांनी माझी डावी भुवई पाहिली, लहानपणी झोपाळ्यावरून पडून तिथे खाच पडलीय ती पाहिली. बराच वेळ पाहिलं. माझे डोळे भरून आले तेही त्यांनी पाहिलं, आणि नजर हटवली नाही.

"त्या दिवशी हे तोंड न बघताच वाचवलं होतं," ते म्हणाले. "चांगलं निघालं."